वर्गातल्या माणसांची वही

प्रिय,

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडलीस असं तू परवा डबा खाताना म्हणालीस, तेव्हा मी गप्प राहिले. सगळ्यांसमोर बोलण्यासारखं ते नव्हतं. रोजचं गुड मॉर्निंग, कोणाला किती पॅकेज मिळालं, कोण कुठे फिरून आलं, याचा वैताग येणारच. तरीही परत जा आणि ग्रुप कायमचा म्यूट करून टाक. काही लिहायची गरज नाही, रोज वाचायचीही नाही.

2021 च्या एप्रिलमध्ये आमच्या ग्रुपवरचे विनोद आणि राजकारणाची भांडणं अचानक बंद पडली. कोणाच्या वडिलांना ऑक्सिजनचा बेड हवा होता, कोणाच्या बायकोसाठी रेमडेसिव्हिर मिळत नव्हतं. एरवी चकार शब्द न लिहिणारा, सरकारी खात्यातला आमचा एक वर्गमित्र रात्र रात्र फोन लावत बसायचा. त्याच्या बदल्या जिल्ह्याजिल्ह्यांत झाल्या होत्या, त्यामुळे जाईल तिथे ओळख निघत होती. जे ग्रुपवर नव्हते त्यांच्या घरी काय चाललंय हे आम्हाला फार उशिरा कळलं. तेवढ्यासाठी तुझं नाव तिथे असू दे. मैत्री मात्र तिथे टिकेल अशी आशा धरू नकोस. ती दुसरीकडे, एकेका माणसापाशी सांभाळावी लागते आणि त्याला थोडी मेहनत पडते.

मी सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजची, 1994 ची सिव्हिल. शेवटच्या वर्षी आम्ही एकमेकांच्या वह्यांत पत्ते लिहिले. पत्ता अर्थात आईवडिलांच्या घरचा: मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा. नोकऱ्या लागल्यावर काही दिवस आंतरदेशीय पत्रं चालली. रात्री अकरा वाजून गेले की एसटीडीचा दर पाव व्हायचा, म्हणून बूथवर रांगा लावल्या. मग लग्नं, बदल्या, पाळणाघरं, आणि सगळं थांबलं. 2004 मध्ये ऑर्कुट आलं आणि पुढच्या दोनतीन वर्षांत वर्गातले मुलगे भराभर सापडले. मुली सापडेनात. आडनाव बदललेलं, एकीदोघींचं तर नावही, आणि फोटोच्या जागी गुलाबाचं फूल. मुळात आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, तरी एकीचा काही केल्या पत्ता लागेना. शेवटी वहीतल्या पत्त्यावर, कराडजवळच्या तिच्या गावी पोस्टकार्ड टाकलं. तिच्या भावाचा फोन आला. ती नाशिकला होती, आणि कॉलेजचं कोणी आपली आठवण काढत असेल असं तिला वाटलंच नव्हतं.

आता मोबाइल नंबर सगळ्यांकडे असतात, असं तू म्हणशील. परदेशी गेलं की नंबर बदलतो, घटस्फोट झाला की कधी कधी माणूस मुद्दाम बदलतो. ऑर्कुटही 2014 मध्ये बंद झालं. म्हणून एक वही कर. प्रत्येकीचं लग्नाआधीचं पूर्ण नाव, गाव, घरचा पत्ता, आईचा किंवा भावंडाचा नंबर. सगळ्या वर्गाचं नको. ज्यांच्याविषयी पन्नाशीतही तुला विचारावंसं वाटेल, तेवढ्यांचंच. आणि ज्यांचं मध्ये वर्ष गेलं त्यांना विसरू नकोस. त्यांना पुढची बॅच आपलं म्हणत नाही, मागची धरत नाही. आमच्याकडे अशा मुलांची नावं कुठल्याच यादीत नव्हती.

फोन करायचा तो काहीतरी कारण काढून कर. दहा वर्षांच्या खंडानंतर ‘काय, कशी आहेस?’ या प्रश्नाला ‘मजेत’ यापलीकडे उत्तर नसतं. त्यापेक्षा काहीतरी विचार. मागे आपल्या लातूरच्या कामात काळ्या मातीचा प्रश्न आला होता, आठवतं? पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे, खालच्या टोकाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खांब, घ्यायचे का, किती खोल, यावर पुस्तकात आहे ते मला ठाऊक होतं. मी त्या भागात आयुष्य काढलेल्या एका वर्गमित्राला फोन लावला. मध्ये कित्येक वर्षं आमचं बोलणं नव्हतं. पहिली दहा मिनिटं माती, पुढचा तासभर बाकीचं सगळं. डॅनियल लेविन हे व्यवस्थापनाचे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये अमेरिकेत हेच तपासून पाहिलं होतं. निदान तीन वर्षं संपर्क नसलेल्या जुन्या ओळखीच्या माणसाला कामातला सल्ला विचारा, असं त्यांनी नोकरदार अधिकाऱ्यांना सांगितलं. मिळालेला सल्ला रोजच्या सोबत्यांच्या सल्ल्याच्या तोडीचा निघाला, शिवाय त्यात नवं बरंच होतं. मला त्यात नवल वाटलं नाही. विश्वास जुना असतो आणि मधल्या काळात तो माणूस वेगळंच काही शिकलेला असतो.

अमेरिकेतल्यांना रविवारी सकाळी आठला फोन कर. न्यू जर्सीत तेव्हा शनिवारची रात्र असते, जेवणं झालेली असतात.

वर्गातल्या मुलग्यांशी मैत्री ठेवायची तर त्यांच्या बायकांशीही ओळख करून घे. हे एव्हाना सांगावं लागू नये, पण लागतं.

आता मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. लग्नाला नाही जमलं तर चालेल. आईवडील गेले की भेटायला जा. चाळिशीनंतर वर्गातल्या कोणाच्या ना कोणाच्या घरून ही बातमी येत राहते, आणि ती बहुधा ग्रुपवरच येते. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते. तू त्या रांगेत उभी राहू नकोस. दहाव्या-तेराव्याच्या गर्दीत नाही जमलं तर महिनाभराने जा. तेव्हा नातेवाईक परतलेले असतात आणि घरात बँकेचे, वारसाचे कागद पसरलेले असतात. फार बोलावं लागत नाही. होस्टेलवर असताना त्या माउलीने पाठवलेला डबा तू खाल्ला असशील, तेवढं आठवलं तरी खूप होतं. तिच्या घरच्यांना जी आई दिसली नाही ती तुला दिसलेली असते: सुट्टी संपल्यावर एसटीच्या खिडकीतून पिशवी आत देणारी. असं भेटून आलेली माणसं पुढे फोन उचलताना दोनदा विचार करत नाहीत.

उसने पैसे मागितले तर परत येणार नाहीत असं धरून जमेल तेवढेच दे. विम्याची पॉलिसी गळ्यात मारायला कोणी आलं तर स्पष्ट नाही म्हण. मैत्री तुटत नाही, तुटली तर ती त्या पॉलिसीपुरतीच होती. पगाराची तुलना तिशीत बोचते. पुढे गुडघे, साखर आणि मुलांची बारावी यांत ती आपोआप मागे पडते.

आणि कधीतरी संमेलन भरवायची पाळी तुझ्यावर येईलच, तुझा स्वभावच तसा आहे. लोणावळ्याचं रिसॉर्ट घेऊ नकोस. दोन दिवसांची वर्गणी ज्यांना झेपत नाही ते ‘काम आहे’ म्हणून कळवतात, आणि सासरी रात्रीच्या मुक्कामाची परवानगी मागावी लागणाऱ्या अजूनही आहेत. कॉलेजच्याच गावी, एका दिवसाचं, दुपारी पंगत असलेलं ठेव. तारीख दिवाळी आणि लग्नसराई टाळून जानेवारीतल्या रविवारची धर. आमंत्रण ग्रुपवर टाकून मोकळी होऊ नकोस. वही घेऊन बस आणि एकेकाला फोन लाव, आधी ज्यांचं वर्ष गेलं होतं त्यांना.

सोमवारी भेटूच. येताना सॉइल रिपोर्टची प्रत आण.

तुझी,
मॅडम