सोप्यातला सेट मोडीत घालू का?

दिवाळी जवळ आली की गाण्याच्या यंत्रांची पत्रं वाढतात. बोनस हातात असतो, पुण्या-बेंगळुरातली मुलं घरी आलेली असतात आणि त्यांच्या डोळ्यांत घरातला जुना सेट खुपायला लागतो. या खेपेला पाच पत्रं घेतलीत. नंदगडच्या बाईंना जागा जास्त दिलीय. त्यांचा प्रश्न निम्म्या बेळगाव जिल्ह्याचा आहे.

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. नंदगडला आमचं जुनं कौलारू घर आहे. सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, यजमानांनी १९९७ साली घेतलेला म्युझिक सेट आहे, दोन लाकडी स्पीकरांचा. कॅसेटचं दार मोडलंय, सीडी घातली की नुसती फिरते. मुलगा म्हणतो, मोडीत घाल, चाळीस हजारांत एकच डबा येतो, वायफायवर सगळी गाणी लागतात. सासूबाई ८६ वर्षांच्या. त्यांना सकाळी रेडिओ आणि दिवेलागणीला हरिपाठ लागतो. मला नाट्यसंगीत. वायफाय माजघरात आहे, सोप्यात मोबाइलवरचं गाणं अडकतं. कुठल्या कंपनीचा डबा घ्यावा?

उत्तर : बाई, कंपनीचं नंतर बघू. आधी स्पीकरची पुढची जाळी हळूच ओढून काढा. चार कोपऱ्यांना खुंट्या असतात, निघते ती. आत कोनाभोवती, म्हणजे थरथरणाऱ्या शंकूभोवती, मऊ कड दिसेल, ती बोटानं दाबा. बोटाला काळी पूड किंवा चिकटा लागला तर कड फोमची आहे आणि तिचं आयुष्य संपलंय. खानापूर भागातल्या पावसाळी हवेत फोम पंधरा-वीस वर्षं टिकला तरी खूप. कड रबराची असेल तर बोट स्वच्छ निघेल, आणि तो स्पीकर अजून कितीतरी दिवाळ्या बघेल. फोम गेला असला तरी घाबरू नका. कोन फाटला नसेल आणि व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनामागची तारेची गुंडाळी, जळली नसेल तर नवी कड बसवून मिळते. वडिलांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात हे काम निघालं की मी कडेवर गोलाकार रुपयाची नाणी मांडायचो, डिंक सुकेपर्यंत सगळीकडं सारखा दाब राहावा म्हणून. एकदा त्यातली चार नाणी उचलून मी भजी खाल्ली. तो स्पीकर एका बाजूनं सुटला आणि मला जो मार बसला तो अजून आठवतो.

आता सेटची पाठ बघा. लाल-पांढरी दोन भोकं असतील, जवळ ऑक्स लिहिलेलं. त्यात वायर घालून मोबाइल जोडा आणि ओळखीचं गाणं निम्म्या आवाजावर लावा. दोन्ही स्पीकर बोलले, मागे हम्म असा आवाज नसला, तर तुमच्या सेटचं फक्त तोंड गेलंय, गळा शाबूत आहे. आवाजाचं बटण फिरवताना खरखर झाली तर ती आत साठलेल्या धुळीची. मेकॅनिक स्प्रे मारून पाच मिनिटांत घालवतो.

हे सगळं का करायला लावतोय, सांगतो. मुलगा म्हणतोय त्या डब्यात तीन वस्तू असतात : स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर आणि इंटरनेटवरून गाणं आणणारा छोटा कॉम्प्युटर. पहिल्या दोन तीस-तीस वर्षं चालतात. तिसरी सहा-सात वर्षांत म्हातारी होते, मोबाइल होतो तशीच. पहिल्या दोन तुमच्या सोप्यात आहेतच. मग तिसरीच तेवढी आणा की! तळहाताएवढी डबी येते, स्ट्रीमर म्हणतात तिला. विम प्रो हा त्यातला एक. त्याची लाल-पांढरी वायर सेटच्या त्याच दोन भोकांत जाते. चाळीस हजारांतले निम्मेही लागणार नाहीत.

ब्लूटूथची स्वस्त डबी का नको, असं मुलगा विचारेल. ब्लूटूथ म्हणजे मोबाइलनं घागरीनं पाणी आणून ओतायचं. कुणाचा फोन आला की घागर खाली, मोबाइल घेऊन तुम्ही परसात गेलात की पाणी बंद. स्ट्रीमरला मोबाइल फक्त कुठला नळ सोडायचा ते सांगतो. स्पॉटिफाय कनेक्ट किंवा क्रोमकास्ट या मोबाइलवरून स्ट्रीमरला हुकूम द्यायच्या सोयी. त्यांवर एकदा गाणं लागलं की पाणी स्ट्रीमर स्वतः भरतो, मोबाइल बंद केलात तरी हरिपाठ मधेच तुटत नाही.

आणि सोप्यात गाणं अडकतं ते इंटरनेट हळू असल्यानं नव्हे. सीडीच्या दर्जाच्या गाण्याला सेकंदाला १४११ किलोबिट लागतात, म्हणजे दीड मेगाबिटसुद्धा नाही. अडवते ती तुमची जांभ्याची दीड हात भिंत. राउटरमध्ये दोन पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचवाला वेगवान, पण भिंतीपुढं लंगडा. स्ट्रीमरला २.४ वर जोडा. त्यानंही भागलं नाही तर कौलाखालच्या वाशाला धरून लॅनची, म्हणजे राउटरमधून थेट इंटरनेट आणणारी, वायर सोप्यात आणा. शंभर मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते. प्लास्टिकच्या पाइपातून घ्या, नाहीतर उंदीर पहिल्याच पावसाळ्यात निकाल लावतील. इलेक्ट्रिशियन कन्नडमध्ये म्हणेल, ‘वायफाय ऐतल्ला, वायर याक?’ म्हणजे वायफाय आहे की, वायर कशाला? त्याला चहा द्या आणि वायर ओढून घ्या. वळवाचा गडगडाट सुरू झाला की मात्र पिन आणि लॅनची वायर दोन्ही काढून ठेवायच्या.

सासूबाईंना अ‍ॅप शिकवायच्या भानगडीत पडू नका. प्रीसेटची, म्हणजे आधीच ठरवलेलं गाणं एका दाबात लावणारी, बटणं असलेला रिमोट घ्या. एका बटणावर हरिपाठ बसवा आणि त्यावर लाल टिकली चिकटवा. हिरव्या टिकलीवर तुमचं नाट्यसंगीत. तिसरं रिकामं राहिलं तर आकाशवाणीची ‘रागम’ लावा. २६ जानेवारी २०१६ पासून सुरू झालेली ही वाहिनी चोवीस तास शास्त्रीय संगीतच देते. सकाळचा रेडिओ मात्र त्यांच्या ट्रान्झिस्टरवरच राहू द्या. इंटरनेटवरचा रेडिओ काही सेकंद मागे असतो आणि लाइट गेली की राउटर मेला. ट्रान्झिस्टर सेलवर बोलत राहतो.

दोन्ही परीक्षांत सेट नापास झाला तरच एकच डबा आणा. तेव्हासुद्धा आधी पाठ बघा, मग पुढचं देखणं रूप. ऑक्सचं भोक हवं, लॅनचं भोक हवं, आवाज कमी-जास्त करायला अंगावर खरी बटणं हवीत. सोनोस कंपनीच्या फाइव्ह या डब्याला ऑक्स आणि लॅन दोन्ही आहे, पण तो चाळीस हजारांत बसत नाही. ऑक्स नसलेला डबा मी तरी घरात घेणार नाही. का, ते पुढच्या पत्रात.

प्रश्न : बेळगावात टिळकवाडीत राहतो. सात वर्षांपूर्वी हौसेनं महागडा ऑल-इन-वन, म्हणजे सगळं एकाच डब्यात असलेला सेट, घेतला. आता त्याचं अ‍ॅप म्हणतं, या मॉडेलला यापुढं अपडेट नाहीत. दुकानदार एक्स्चेंजमध्ये पाच हजार धरायला तयार आहे. देऊ का?

उत्तर : देऊ नका. मी स्वतः या खड्ड्यात पडलेलो आहे. २०१५ साली बावन्न हजारांचा एक डबा घेतला. आयुष्यातली सगळ्यात मोठी उधळपट्टी, हिनं दोन दिवस अबोला धरला होता. आवाज असा की तबल्याच्या चाटीवर बोट टेकलेलं दिसावं. सहा वर्षांनी कंपनीनं अ‍ॅप काढून घेतलं. कंपनीला फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणतो, ‘सर, प्रॉडक्ट तो सही है, सिर्फ चलेगा नहीं.’

हे एकाच कंपनीचं दुखणं नाही. सोनोसनं मे २०२० पासून आपल्या काही जुन्या उपकरणांना नव्या सुविधा देणं थांबवलं, ती जुन्या अ‍ॅपवर चालत राहिली. गूगलची क्रोमकास्ट ऑडिओ ही स्ट्रीमरसारखी गोल चकती २०१५ ला आली आणि जानेवारी २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. लोकांच्या घरी ती छान चालू होती. मार्च २०२५ मध्ये एका दिवशी अचानक गाणं घेईना. आतल्या एका डिजिटल सर्टिफिकेटची, म्हणजे उपकरण अस्सल असल्याच्या दाखल्याची, दहा वर्षांची मुदत संपली होती, बस्स. काही दिवसांत दुरुस्ती आली, पण तोवर किती जणांनी ती केरात टाकली असेल!

माझ्या डब्याला ऑक्स होतं म्हणून तो वाचला. एक स्ट्रीमर त्याच्या पाठीला चिकटवलाय, अ‍ॅप स्ट्रीमरचं, आवाज जुन्या डब्याचा. तुमच्याही डब्याची पाठ बघा. ऑक्स नसेल, नुसतं ऑप्टिकल, म्हणजे उजेडावर आवाज नेणाऱ्या वायरचं भोक असेल, तरी चालतं. स्ट्रीमरमध्ये ऑप्टिकल आउट आहे का, एवढं मात्र घेण्याआधी विचारा. दोन्ही नसतील तर ब्लूटूथवर चालवा, पण पाच हजाराला घालवू नका.

प्रश्न : हवा तो सेट ऑनलाइन पाच-सहा हजारांनी स्वस्त मिळतोय. निपाणीत राहतो, दुकानातून घेऊ की ऑनलाइन?

उत्तर : आधी सर्व्हिस सेंटर कुठं आहे ते लिहून घ्या, मग स्वस्त-महाग ठरवा. तुम्हाला कोल्हापूर चाळीस किलोमीटर. पण पिन कोड कर्नाटकाचा, त्यामुळं कंपनीचा कॉम्प्युटर तुम्हाला हुबळी नाहीतर बेंगळूर दाखवतो. माझा एक अ‍ॅम्प्लिफायर असाच बेंगळूरला पाचशे किलोमीटर जाऊन आला. जाताना खोकं ठीक होतं, येताना एक पाय गायब. तक्रार लिहिली मराठीत, उत्तर आलं कन्नडमध्ये, फोन आला हिंदीत, आणि पाय काही आला नाही. त्या अ‍ॅम्प्लिफायरखाली सहा वर्षं कॅरमची सोंगटी आहे. तेव्हा बिल कुठलंही असो, कोल्हापूरला आणून दिलं तर वॉरंटीत घेणार का, हे कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. तोंडी ‘हो सर’ धरू नका. लेखी मिळालं तर खुशाल ऑनलाइन घ्या.

प्रश्न : २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ असं लिहिलेलाच सेट घ्यावा असं संकेश्वरचा माझा मित्र म्हणतो. खरं काय?

उत्तर : सीडी १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झची. बिट म्हणजे आवाजाच्या लहान-मोठेपणाची बारकाई. किलोहर्ट्झच्या आकड्याच्या निम्म्यापर्यंतचे सूर पकडता येतात, म्हणजे सीडीत बावीस हजार हर्ट्झपर्यंतचे. माणसाचा कान तरणाबांड असताना वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, साठीनंतर पंधरा हजारांच्या वरचं सहसा ऐकू येत नाही. सीडीच्या आकड्यात हे सगळं बसतं. वरचे आकडे स्टुडिओत काम करणाऱ्यांना उपयोगी. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायची तर मूळ टेपवर जेवढं उतरलंय तेवढंच मिळणार. गाळणी बारीक घेतली म्हणून दूध वाढत नाही. मित्राला म्हणावं, ते पैसे स्पीकरवर घाल.

प्रश्न : बेळगावच्या शहापुरातून लिहितेय. नवीन स्पीकर शोकेसच्या कप्प्यात ठेवलाय. आवाज वाढवला की ढम्म वाजतो आणि मधूनच किणकिणतो. बदलून मागू का?

उत्तर : ताई, स्पीकर बरा आहे. बंद कप्प्यात, पाठ भिंतीला लागून ठेवला की खालचे सूर फुगतात. बाहेर काढा, भिंतीपासून वीतभर पुढं, बसल्यावर कानाच्या उंचीला ठेवा. किणकिणण्याचं म्हणाल तर गाणं चालू असताना कप्प्यातल्या वस्तूंवर एकेक करून बोट ठेवत जा. ज्यावर बोट ठेवल्यावर आवाज थांबेल तो चोर. आमच्या घरी तो लग्नात आलेला पितळी हत्ती निघाला.