मेणवलीच्या घंटेवरची आई

प्रश्न : वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर एक भली मोठी घंटा आहे. तिच्यावर बाळाला घेतलेली बाई दिसते. ही कुठली देवी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ती मरियामाता, आणि जवळचा बाळ येशू. घंटा वसईची. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणून ठिकठिकाणच्या देवळांत बांधल्या. एक भीमाशंकरला आहे, एक नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात. नारोशंकराचं देऊळ 1747 चं, पण घंटेवर साल आहे 1721. मेणवलीच्या घंटेवर 1707. म्हणजे ती खुद्द नानांपेक्षा 35 वर्षांनी मोठी.

तुमच्या प्रश्नाने मला वडील आठवले. आम्ही वसईचे. आमच्या धर्मग्रामाच्या चर्चची घंटा त्यांनी कित्येक वर्षं वाजवली. पहाटे, दुपारी बाराला आणि दिवेलागणीला आंजेलसचे, म्हणजे मरियेच्या प्रार्थनेचे, टोल : तीन, थांबायचं, तीन, थांबायचं, पुन्हा तीन, मग सलग नऊ. कुणी गेलं की एकेक टोल, सावकाश. शेतात वाकलेली माणसं तो ऐकून कंबर सरळ करायची आणि हात जोडायची. गावाला घड्याळ नव्हतं असं नाही, पण भरवसा घंटेवरच.

चर्चची नवी घंटा मनोऱ्यावर चढवण्याआधी बिशप तिला आशीर्वाद देतात, तिला संताचं नावही ठेवतात. आमच्याकडे त्याला सरळ घंटेचा बाप्तिस्माच म्हणतात. त्यामुळे मेणवलीच्या घंटेलाही एखादं नाव असणार, असं वडिलांना फार वाटे.

त्यांना मी एकदा तिथे घेऊन गेले होते. पायऱ्या उतरताना ते दमले, पण घंटा दिसताच हात सोडून पुढे झाले. मरियेच्या आकृतीवरून बोटं फिरवली. ती कोरलेली नाही, साच्यातच ओतलेली आहे, म्हणून इतक्या पावसाळ्यांनंतरही बोटाला लागते. मग त्यांनी लोळी धरली. तीन, थांबले, तीन, थांबले, पुन्हा तीन. नऊ टोल पुरे होईपर्यंत घाटावर धुणं धुणाऱ्या दोघीजणी हात थांबवून वर बघत राहिल्या होत्या.