काखेतल्या गाठींचा आकडा

ताई, स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात '2/14' बघून रात्रभर डोळा लागला नाही म्हणतेस. माझंही तसंच झालेलं. अर्थ एवढाच, की काखेतल्या 14 लसिकागाठी (सगळ्यांच्याच अंगात असतात त्या, गाळणीसारख्या) काढून तपासल्या, त्यातल्या 2 मध्ये कॅन्सरच्या पेशी सापडल्या. 14 ठिकाणी पसरलाय, असं नव्हे.

स्तनातलं लसिकाद्रव (पेशींभोवतालचं पाणी, या गाठींतून गाळून जातं ते) पाऊण हिश्श्याहून जास्त काखेकडंच वाहतं, थोडं छातीच्या मधल्या हाडालगतच्या गाठींकडं. म्हणून तर डॉक्टर आधी काख चाचपतात. कॅन्सर सापडलेल्या गाठी 1 ते 3, 4 ते 9, आणि 10 किंवा जास्त, असे टप्पे धरतात. आकडा चढेल तसा धोका चढतो. पण ईआर, पीआर (कॅन्सरच्या पेशी हार्मोनवर वाढतात का ते), हर-टू (पेशींवरचं एक प्रथिन) आणि ग्रेडही (पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते) विचारून घे, औषधं बरीचशी त्यावर ठरतात. मिरजेला ओपीडीच्या बाकावर बायका एकमेकींचे आकडे जुळवत बसतात, त्यात पडू नकोस.

आता हाताचं. गाठी काढल्या की त्या बाजूच्या हातात हे द्रव साचू शकतं. त्या हातातली बांगडी घट्ट व्हायला लागली की सूज समज आणि फिजिओथेरपीला जा. उसाच्या पाल्यानं ओरखडा आला नि हात लाल, गरम झाला, तर हळद दाबून गप्प बसायचं नाही. त्याच दिवशी दाखवायचं. मी दोन दिवस काढले होते, बाही चढेना झाली.