तुमचं विचारणं, आमचं सांगणं

प्रश्न: ताई, मी मांजलपूरला राहते, घरूनच ग्राफिक डिझाइनची कामं करते, गरब्याचे पास, मिठाईचे बॉक्स, लग्नपत्रिका, मिळेल ते. हल्ली काही सुचतच नाही, पिंटरेस्ट उघडून तासभर बसते आणि शेवटी जे होतं ते सगळ्यांसारखंच. आता एका मंडळाचं गणपतीचं पोस्टर आलंय, मराठी आणि गुजराती दोन्हीत. कुठून सुरुवात करू?
एक वाचक, बडोदा

उत्तर: पिंटरेस्ट बंद कर असं सांगणार नाही, मीसुद्धा बघतेच. पण तिथे सगळं तयार ताट असतं गं, करणारा कुठे अडला, त्याने काय खोडलं, हे दिसत नाही, आणि आपल्याला सुचतं ते नेमकं त्या अडण्या-खोडण्यातूनच.

तुझ्याकडे नाहीतर मावशी-आत्या कुणाकडे तरी संखेड्याचा, म्हणजे लाखेचं रंगकाम केलेला लाकडी झोपाळा असेलच, बडोद्यात मराठी घरांत पण असतोच. त्याच्याशी जरा नाक लावून बस. त्यावरची ती सोनेरी वेलबुट्टी सोन्याची नसते, ते कथील असतं, आधी चांदीसारखं पांढरं दिसतं आणि वरून लाखेचा थर चढवून घासलं की सोनेरी होतं. आमच्या झोपाळ्याच्या एका पायाची लाख उडालीये, तिथे खालचं पांढरं उघडं पडलंय, मी लहानपणापासून बघत होते पण डोक्यात प्रकाश पडला तो एका साड्यांच्या बॉक्सच्या वेळी. क्लायंटला सोनेरी हवं होतं आणि सोनेरी वर्ख, म्हणजे फॉइल छापायचं बजेट नव्हतं. मग चंदेरी रंगाचा पुठ्ठा घेतला, त्यावर साधी पिवळी शाई मारली, झालं सोनेरी. प्रिंटरकाका म्हणाले हे तर आम्ही रोज करतो, बरं, करत असाल, मला कोणी सांगितलं नव्हतं ना!

पोस्टरच म्हणशील तर चित्रकार नंदलाल बोस बघ. 1938 साली बारडोलीजवळ हरिपुऱ्याला काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्यासाठी त्यांनी पोस्टर्स केली, त्यात पुढारी नाहीत, ढोलवाला, सुतार, कापूस पिंजणारा अशी माणसं आहेत. थोडेच रंग, जाड झरझर रेघ, वर कमान. लांबून येणाऱ्या माणसाला कळायला हवं, बस. त्यांचीच भित्तिचित्रं आपल्या बडोद्यातल्या कीर्तिमंदिरात, गायकवाडांच्या स्मारकात आहेत, चौकशी करून एकदा जाऊन ये, आणि फोटो काढत बसू नकोस, वहीत एकच हात किंवा एकच घोडा उतरव.

आता तुझं खरं दुखणं, दोन लिप्या. मराठीला शिरोरेघ, म्हणजे अक्षरांच्या डोक्यावरची आडवी रेघ आहे, गुजरातीला नाही. "गणेशोत्सव" दोन्हीत एकाच साइझमध्ये टाकलंस की मराठी ओळ बांधलेली दिसते आणि गुजराती सुटी सुटी, मग आपण गुजराती उगाच बोल्ड करतो आणि ती आरडाओरडा करायला लागते (माझ्या जुन्या फाइली उघडल्या की लाज वाटते). साइझचा आकडा सोड, प्रिंट काढून भिंतीला लाव, लांब उभी राहून डोळे किलकिले करून बघ आणि दोन्ही ओळींचं वजन जुळेपर्यंत हलव. फॉण्ट हवा तर मुक्ता घे, फुकट आहे, गुजरातीतला त्याचा भाऊ मुक्ता वाणी, दोघं एका घरचे असल्यामुळे भांडत नाहीत. पण मी असते तर मोठी अक्षरं हातानेच काढली असती. मराठी अक्षरं रेघेला लटकतात ना, मग ती रेघच आंब्याच्या पानांचं तोरण कर. गुजरातीला वर काही नाही, तिला खाली पाट दे. तोरणाखाली बाप्पा आणि पाटावर गुजराती ओळ, मंडळवाल्यांना समजवायलाही लागणार नाही.

पहिली वीस स्केचेस तळहाताएवढी काढ, पेन्सिलने, कॉम्प्युटर तोवर बंद.

प्रश्न: एम. एस. युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्सला अ‍ॅडमिशन नाही मिळाली, आता इलस्ट्रेशन सोडून द्यावं का?
एक वाचक, वाघोडिया रोड

उत्तर: का म्हणून? 1950 पासून ते कॉलेज आहे, चांगलंच आहे, पुढच्या वर्षी परत फॉर्म भर. तोवर रावपुऱ्यात तांबेकर वाडा आहे, भिंतीभर एकोणिसाव्या शतकातली चित्रं, कृष्णलीला आहे तशी इंग्रज-मराठ्यांची लढाई पण आहे. एक भिंत निवड आणि दर रविवारी त्याच भिंतीसमोर वही घेऊन बस. नंतर सेवउसळ खायला कोणाची ना नाही.