स्टॅटिक मेथड मेमरी अडवते का?

प्रश्न (मुलुंड): सोसायटीच्या मेंटेनन्स बिलांचं एएसपी डॉट नेट अ‍ॅप आहे. बिलाची आकारणी करणारी मेथड स्टॅटिक केली. तिच्यात तयार झालेले ऑब्जेक्ट अ‍ॅप बंद होईपर्यंत मेमरीत राहतात का?

नाही. स्टॅटिक मेथड कुठल्याही एका ऑब्जेक्टची नसते, फरक एवढाच. मेथडचा कोड, स्टॅटिक असो वा नसो, ऑब्जेक्टमागे एक असा साठत नाही. लोकल व्हेरिएबल दर कॉलला नवी असतात. आत बनवलेली बिलांची लिस्ट परत दिली नाही, कुठे साठवली नाही, तर शेवटच्या वापरानंतर गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको असलेली मेमरी मोकळी करणारी यंत्रणा, ती उचलू शकतो. तो लगेच येईलच असं नाही, त्यामुळे टास्क मॅनेजरमधला आकडा पाहून घाबरू नका.

प्रश्न (गोरेगाव): आमची मेमरी मात्र चढतच जाते आणि साधारण एका दिवसाने अचानक खाली येते. असं का?

खाली येते ती बहुधा आयआयएसच्या, म्हणजे विंडोजच्या वेब सर्व्हरच्या कृपेने. अ‍ॅप चालवणारी प्रोसेस ज्यात असते तो अ‍ॅप पूल मुळात दर १७४० मिनिटांनी, म्हणजे २९ तासांनी, रिसायकल होतो, म्हणजे प्रोसेस नव्याने सुरू होते. गळती तशीच राहते, फक्त झाकली जाते. स्टॅटिक मेथडला सोडा, स्टॅटिक फील्ड शोधा. नेहमीचा गुन्हेगार म्हणजे कॅश म्हणून ठेवलेली स्टॅटिक डिक्शनरी: तिच्या ‘की’मध्ये (नोंद शोधायच्या खुणेत) सभासद क्रमांक आणि तारीख, म्हणजे रोज नव्या नोंदी, आणि काढणारं कोणी नाही. फील्ड प्रोसेसभर जिवंत, म्हणून तिने धरलेलं सगळंच जिवंत. स्टॅटिक इव्हेंटला += ने हँडलर जोडून -= ने काढायला विसरलात तरी हेच होतं.

डॉटनेट-जीसीडम्प या टूलने तासाभराच्या अंतराने दोन डम्प (मेमरीतल्या ऑब्जेक्टची नोंद) घ्या आणि कोणत्या टाइपची संख्या वाढली ते पाहा. मग डॉटनेट-डम्पने पूर्ण डम्प घेऊन त्यात जीसीरूट कमांड चालवा. ऑब्जेक्ट कोणी धरून ठेवलाय ते कळेल. जीसीडम्प पूर्ण कलेक्शन करायला लावतो, अ‍ॅप क्षणभर अडखळतं. बिलं निघतात त्या दिवशी हा उद्योग नको. सापडल्यावर डिक्शनरीच्या जागी डॉटनेटचा तयार कॅश, मेमरीकॅश, वापरा, साइझलिमिट आणि मुदत दोन्ही द्या. लिमिट दिलं की प्रत्येक नोंदीला साइझ द्यावाच लागतो, नाहीतर एक्सेप्शन येतं.

प्रश्न (परळ): एका सभासदाला दुसऱ्याचं बिल दिसलं. लॉक लावू का?

लॉकने भागणार नाही. चालू सभासद स्टॅटिक फील्डमध्ये ठेवलाय ना? ते फील्ड प्रोसेसमधल्या सगळ्या रिक्वेस्टचं सामायिक आहे. तुम्ही लिहिता आणि वाचता, त्या मधल्या वेळात दुसरी रिक्वेस्ट त्यावर लिहून जाते. सभासद क्रमांक पॅरामीटर म्हणून द्या किंवा स्कोप्ड सर्व्हिसमध्ये (दर रिक्वेस्टला नवी बनते ती) ठेवा. हे आजच बदला, मेमरीचं नंतर बघू.

प्रश्न (दादर): एचटीटीपीक्लायंट (दुसऱ्या सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवणारा) आणि डीबीकॉन्टेक्स्ट (डेटाबेसशी बोलणारा) स्टॅटिक ठेवले तर?

पहिला चालेल, पण पूल्डकनेक्शनलाइफटाइम, म्हणजे कनेक्शनचं कमाल वय, द्या, उदाहरणार्थ १५ मिनिटं; नाहीतर जुनी कनेक्शन टिकून राहतात आणि बदललेला डीएनएस, म्हणजे सर्व्हरचा नवा पत्ता, कळत नाही. दुसरा अजिबात नको: तो थ्रेड-सेफ नाही, शिवाय ट्रॅक केलेली प्रत्येक एन्टिटी (डेटाबेसमधून आणलेली नोंद) धरून बसतो.

प्रश्न (बोरिवली): पीएचपीमध्येही हेच का?

पीएचपी-एफपीएममध्ये, म्हणजे पीएचपी चालवायच्या नेहमीच्या पद्धतीत, रिक्वेस्ट संपली की स्टॅटिक व्हेरिएबलही पुसली जातात. लारावेल ऑक्टेनवर (अ‍ॅप रिक्वेस्टमागून रिक्वेस्ट मेमरीतच ठेवणारं पॅकेज) गेलात तर वर्कर प्रोसेस जिवंत राहतो आणि वरची सगळी दुखणी तुमच्याही दारात येतात.