"मैत्रिणीला माझं ओझं होईल"

मी समुपदेशक. वैशाख संपत आला की माझ्याकडे एक ठरलेला प्रश्न यायला लागतो. विचारणारे साठी ओलांडलेले, त्यातही बायका जास्त. "मैत्रीण मागे लागलीय, या वर्षी आळंदी ते पंढरपूर पायी जाऊ या म्हणून. मला झेपेल का हो?" दिवाळी झाली की हाच प्रश्न नर्मदा परिक्रमेच्या नावानं येतो. पुरुष आले तर तासभर गुडघ्यांबद्दल बोलतात आणि निघताना, दाराशी चपला घालता घालता खरं काय ते सांगतात, "आपल्यामुळे मित्राचा खोळंबा नको व्हायला."

गुडघ्यांचं उत्तर अस्थिरोगतज्ज्ञ देतील. दाराशी निघालेल्या वाक्याचं उत्तर मात्र त्यांच्याकडे नसतं. यंदा हा प्रश्न इतक्यांदा ऐकला, की सुमनताईंची गोष्ट लिहूनच टाकावी असं वाटलं. दोघींना विचारलं आहे. नावं अर्थात बदलली आहेत.

सुमनताई अडुसष्ट वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. शैलाताई त्यांच्याहून वर्षानं मोठ्या. डीएडला असताना दोघी एका खोलीत राहायच्या, तेव्हापासूनची मैत्री. शैलाताईंच्या नऊ वाऱ्या झालेल्या. सुमनताईंची एकही नाही. तीन वर्षांपूर्वी यजमान गेले आणि तेव्हापासून शैलाताईंनी धोशा लावलेला, "सुमे, चल."

"मला फक्त 'नाही' कसं म्हणायचं ते शिकवा, मॅडम," सुमनताई बसता बसताच म्हणाल्या. पर्समधून वहीचा कागद काढला. शाळेतल्या बाईच त्या, कारणांना क्रमांक घातले होते. उजवा गुडघा. साखर. रात्री तीनदा उठावं लागतं. घोरते. मुलगा म्हणतो, गाडीनं थेट पंढरपुरात सोडतो, एवढी हौस कशाला.

मी उत्साहानं कागद हातात घेतला आणि एकेक कारण सोडवत गेले. सामान दिंडीच्या ट्रकमध्ये जातं, पाठीवर वागवायचं नसतं. मुक्कामाच्या गावी हल्ली फिरती शौचालयं असतात. घोरण्याचं म्हणाल तर पन्नास माणसांच्या तंबूत तुमचं एकटीचं कोणाला ऐकू जाणार? त्या हसल्या. मी खूश. पुढच्या वेळी आल्या तेव्हा कागदावर तीन नवी कारणं होती. त्यातलं एक म्हणजे घरातल्या कुंड्यांना पाणी कोण घालणार.

इतकी वर्षं या खुर्चीत बसून एक गोष्ट मला कळायला हवी होती, आणि त्या दिवशी जरा उशिराच कळली. एक कारण खोडलं की दुसरं उगवतं, तेव्हा मूळ भलतीकडेच असतं.

तिसऱ्या भेटीत कागद बाजूला ठेवायला सांगितला. "समजा, गुडघा ठणठणीत आहे. साखर नाहीच. कुंड्यांना मी पाणी घालते. जाल?"

बराच वेळ त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "नाही."

"का?"

"ह्यांना पक्षाघात झाला होता. अडीच वर्षं अंथरुणावर होते. मी सगळं केलं. लोक अजून म्हणतात, सुमननं किती केलं. पण मॅडम, पहाटे चादर बदलताना माझ्या मनात काय काय यायचं ते माझं मला माहीत. इतकं वाईट यायचं. उद्या वाटेत मी आजारी पडले आणि शैलाच्या मनात माझ्याबद्दल तेच आलं तर? मला ते तिच्या तोंडावर दिसेल. मी ओळखते ना ते तोंड."

बोलताना त्या माझ्या टेबलावरच्या कापडाचं टोक दुमडून आत खोचत होत्या. गादीखाली चादर खोचतात तसं, दोन्ही बाजूंनी घडी घालून, तळव्यानं दाबून.

'असं काही होणार नाही हो' हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. घरचे हेच म्हणतात, मुलं हेच म्हणतात, आणि आधीच्या दोन भेटींत वेगवेगळ्या शब्दांत मीही हेच म्हटलं होतं. मी ते गिळलं.

"ओझं व्हालच," मी म्हणाले. "अडीचशे किलोमीटर चालायचंय, वीसेक दिवस. एखाद्या दिवशी तरी तुमचं शैलाताईंना ओझं होणारच. मग?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वर्गात शिवी दिली. "मग काय?"

"मग काय होईल?"

"ती वैतागेल."

"मग?"

"तोंड फुगवून बसेल. बोलणार नाही."

"मग?"

"संध्याकाळी बोलेल. तिला गप्प बसवत नाही."

"पहाटे तुमच्या मनात ते सगळं यायचं. त्यानंतर काय करायचात?"

"काय करणार? सहाला चहा. कप धरता यायचा नाही त्यांना, बशीत ओतून पाजायचे. फुंकर घालून." आणि तिथे त्या थांबल्या.

मी काही बोलले नाही. कधी गप्प बसायचं एवढं एक मला बरं जमतं. खाली रिक्षावाल्यांची कसली तरी हुज्जत चालली होती, ती संपली. सुमनताई हलक्या आवाजात म्हणाल्या, "रोज पाजायचे हो. एक दिवस चुकला नाही."

अडीच वर्षं त्या स्वतःच्या मनात आलेलं मोजत होत्या. हातून काय झालं ते मोजलंच नव्हतं. वैताग आला म्हणजे माया आटली, असा त्यांचा हिशेब, आणि तोच हिशेब त्या आता शैलाताईंच्या नावावर मांडत होत्या. खरं तर वैताग आणि बशीतला चहा एकाच घरात, एकाच सकाळी, पंधरा मिनिटांच्या अंतरानं होते.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या घराण्यातली. १९५५ साली या गृहस्थानं जी विवेकनिष्ठ पद्धत मांडली तिच्यावर माझी भिस्त आहे. प्रसंगापेक्षा 'असं झालंच पाहिजे' हा आपला हट्ट आपल्याला जास्त छळतो, असं ती म्हणते. आणि ती समजवायला मराठीसारखी सोयीची भाषा नाही असं मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, कारण आपल्याकडे 'च' आहे. त्या दिवशी सुमनताईंना लिहायला लावलं, "मी कोणाला ओझं होताच कामा नये." मग म्हटलं, बाई आहात ना, तुम्हीच तपासा. त्यांनी माझ्याकडून लाल पेन मागून घेतलं आणि 'होताच'मधला 'च' खोडला. "ओझं होता कामा नये" हेही त्यांना पटेना. शेवटी वाक्य असं झालं : "ओझं झाले नाही तर बरं. झाले तर दोघींना त्रास होईल आणि तो निस्तरता येईल." शुद्धलेखन तपासून कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

चौथ्या भेटीला शैलाताईंना बोलावलं. उंच, काटक बाई. बसल्या त्याही खुर्चीच्या कडेवर, कधीही उठून निघतील अशा. सुमनताईंनी थरथरत विचारलं, "शैले, खरं सांग, तुला माझा कंटाळा येईल?"

"येईल की," शैलाताई म्हणाल्या. "तू आंघोळीला किती वेळ लावतेस! आणि घाटात मी तुझ्यासाठी थांबणार नाही, आधीच सांगते. वर जाऊन बसेन."

सुमनताईंना इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले. चार भेटींत मी जे करू शकले नव्हते ते या एका उत्तरानं केलं. थोडं वाईटही वाटलं मला, फी मी घेतली होती. पण शैलाताईंना बोलावण्याची बुद्धी माझी, एवढं श्रेय ठेवून घेते.

पुढची युक्तीही त्यांचीच. मी विचारलं होतं, वाटेत काही खुपलं तर एकमेकींना सांगणार कसं? आपल्या पिढीतल्या बायका मनात ठेवतात, आणि मग ते भाजीच्या मिठावर निघतं. शैलाताई म्हणाल्या, "त्यात काय, समाजआरतीसारखं करू." माउलींच्या सोहळ्यात मुक्कामाला पोहोचल्यावर सगळ्या दिंड्या समाजआरतीला जमतात, टाळमृदंगाचा गजर चालू असतो. चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंचावतो, की सगळं एकदम शांत होतं. पण ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, म्हणणं ऐकून घेतो, निवाडा होतो. हरवलं-सापडलं पुकारतात, उद्या कधी निघायचं ते सांगतात, मग आरती. हैबतबाबा आरफळकर ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी वावरलेले, त्यांनी १८३२च्या सुमारास या सोहळ्याला जी शिस्त लावली तिचा हा वारसा मानतात. लाखाच्या समाजात तक्रारीला रोजची जागा आहे, आणि ती आरतीच्या आधी! मी समुपदेशनाची पदविका घेतली तेव्हा हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

दोघींचं ठरलं : रात्री झोपण्याआधी जिची तक्रार असेल तिनं स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचा. दुसरीनं ऐकायचं. मधे बोलायचं नाही.

ज्यांच्या मनात यंदा असंच काही घोळतंय त्यांच्यासाठी आता चार गोष्टी. डॉक्टरांना "जाऊ का?" असं विचारू नका, कोणीही सुज्ञ डॉक्टर "कशाला?" म्हणेल. "रोज किती किलोमीटर चालू, आणि कुठे थांबू?" असं विचारा. सुमनताईंच्या डॉक्टरांनी दिवसाला दहा-बारा सांगितले आणि दिवे घाटाला चक्क नाही म्हणाले. पुणे ते सासवड हा टप्पा सगळ्यात लांबचा, तीसेक किलोमीटरचा, शेवटी घाटाची चढण, आणि बहुतेक वर्षी नेमकी त्याच दिवशी एकादशी. साखर असेल तर त्या दिवशी उपवास धरायचा का आणि गोळ्यांचं काय करायचं हे घरूनच ठरवून निघा, हडपसरला पोहोचल्यावर नव्हे. नवे बूट घालून वारीला जाऊ नका, महिना-दोन महिने पायात मुरलेले हवेत. चालण्याचा सराव मैत्रिणीबरोबर करा, पण निम्मे दिवस एकटीनं करा, म्हणजे आपली चाल काय आहे ते आपल्याला कळतं. दिंडीत नाव नोंदवताना, भिशी, म्हणजे दिंडीच्या खर्चाचे पैसे, भरताना, मधे ट्रकमध्ये किंवा एसटीनं पुढच्या मुक्कामाला जाता येईल ना, हे स्पष्ट विचारा. लोणंदपासून किंवा फलटणपासून पुढे चालणारेही पुष्कळ असतात, त्यांना कोणी अर्धे वारकरी म्हणत नाही.

आणि बरोबर जायचं म्हणजे एका चालीनं चालायचं असं नाही. माझ्याकडे येणाऱ्यांचं निम्मं अडतं ते इथे. हळू चालणारी धापा टाकत पळते, जलद चालणारी पाय ओढत चालते, आणि संध्याकाळी दोघी हुतात्मा झालेल्या. सकाळचा चहा बरोबर, दुपारचा विसावा जमला तर बरोबर, मुक्काम बरोबर, एवढं पुरे. मधल्या वाटेत हजारो माणसं "माउली, माउली" म्हणत बाजूनं चाललेली असतात. पाणी देणारं, हात धरणारं कोणी ना कोणी भेटतंच.

मुलांनाही एक सांगणं. "आई, तुला काही झालं तर?" हे काळजीपोटी म्हणता, पण आईला ऐकू येतं ते "तू आमच्या डोक्याला ताप होशील." त्यापेक्षा औषधांचे रोजचे डबे भरून द्या आणि दिंडीप्रमुखांचा नंबर घेऊन ठेवा.

दोघी गेल्या. आषाढी होऊन आठवडा झाल्यावर चुरमुरे, बत्तासे आणि बुक्क्याची पुडी घेऊन मला भेटायला आल्या. सुमनताई उन्हानं रापल्या होत्या. चौदा दिवस चालल्या, बाकीचे ट्रकमध्ये. दिवे घाटाच्या दिवशी त्या आधी सासवडला पोहोचल्या आणि शैलाताईंसाठी गरम पाणी मिळवून ठेवलं, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मी विचारलं, "मग? ओझं झालात?"

"झाले ना. नातेपुत्यात. जुलाब लागले. दोन दिवस उठवत नव्हतं. हिनं माझं लुगडं धुतलं, पावसात, बोअरवर नंबर लावून."

"आणि?"

"रात्री हिनं पेला वाजवला. मला वाटलं, संपलं आता." सुमनताईंनी शैलाताईंकडे बघितलं. "म्हणते कशी, 'लुगडं धुवायचं मला काही नाही. पण सकाळपासून माफ कर, माफ कर ऐकून कान किटले माझे. उद्या एकदा जरी म्हणालीस तर परवा मी एकटी पुढे जाते.'"

"मग म्हणालात?"

"एकदा म्हणाले," सुमनताई म्हणाल्या. "सवय हो."

"आणि मी गेले पुढे," शैलाताई म्हणाल्या. "माळशिरसपर्यंत."

तोवर त्या उठून चपला घालून दाराबाहेर जाऊन उभ्याही राहिल्या होत्या. सुमनताई सावकाश पिशवीचे बंद बांधत होत्या.