विमानतळ दारात आला म्हणून मुलगा पायलट होत नाही

प्रश्न: आम्ही नवी मुंबई विमानतळाचे प्रकल्पग्रस्त. मुलगा यंदा बारावी सायन्सला ६१ टक्क्यांनी पास झाला. जमिनीच्या मोबदल्यात मिळालेल्या साडेबावीस टक्क्यांतला एक प्लॉट विकून त्याला पायलट करायचा विचार आहे. नाहीच जमलं तर एका अकॅडमीचा ‘एअरपोर्ट मॅनेजमेंट’चा कोर्स आहे. फी अडीच लाख, नोकरीची शंभर टक्के हमी. जमीन आमची गेली, तेव्हा विमानतळावर आमचा मुलगा साहेब म्हणून दिसायलाच पाहिजे. तो मात्र दिवसभर मामाच्या कंटेनर यार्डात रीफरच्या, म्हणजे थंड कंटेनरच्या, मशीनमध्ये डोकं घालून बसतो, हात काळे करून घरी येतो आणि वहीत कसले कसले नंबर लिहितो. काय करावं?
– एक वडील, पनवेल तालुका

दादा, ६१ टक्क्यांची मला काळजी नाही. काळजी आहे ती ‘साहेब म्हणून दिसायलाच पाहिजे’ याची. जमीन गेल्याचं दुःख तुमचं आहे आणि ते खरं आहे. उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, गावंच्या गावं उठली. पण त्याची वसुली तुम्ही अठरा वर्षांच्या पोराकडून करायला निघालात. उद्या त्याच्या खांद्यावर पट्ट्या आल्या तरी भातशेती परत येणार नाही. आणि तो कुठं अडखळला, तर ‘याच्यापायी प्लॉटही गेला’ हा ठपका जन्मभर त्याच्या माथी. इतकं ओझं डोक्यावर असलं की बरी मुलंही परीक्षेत गळपटतात. स्थानिकांना नोकऱ्यांत प्राधान्य हवं, ही मागणी रास्तच आहे. ती सिडकोच्या दारात मांडा, कंपनीच्या दारात मांडा. रोज जेवायला बसल्यावर मुलापुढं मांडू नका.

प्लॉटचं स्पष्टच सांगतो, विकू नका. १९८४ साली दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणजवळच्या जासईला शेतकऱ्यांचा लढा झाला, माणसं गेली, तेव्हा कुठं गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायची वाट मोकळी झाली. तुमचे साडेबावीस टक्के त्याच वाटेनं आलेत. पायलटच्या लायसन्सला २०० तासांचं उड्डाण लागतं, मेडिकल लागतं आणि खर्च अर्ध्या कोटीच्या घरात किंवा त्याच्याही पुढं जातो. टाइप रेटिंगचे, म्हणजे ठरावीक जातीचं विमान चालवायच्या प्रशिक्षणाचे, पैसे वेगळे. एवढं करून नोकरी ठेवलेलीच असते असं नाही. २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली, २०२३ मध्ये गो फर्स्ट, तेव्हा अनुभवी वैमानिकांवरही दुसरीकडं अर्ज करायची वेळ आली. मुलाला स्वतःला उडायचं वेड असतं तर कर्जाचा, स्कॉलरशिपचा हिशेब मीच मांडून दिला असता. इथं वेड तुम्हाला आहे.

एनडीए, सीआयएसएफ, एएआय (विमानतळ प्राधिकरण) या परीक्षांची माहिती सगळीकडं मिळते. एटीसीसाठी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकाच्या नोकरीसाठी, आधी फिजिक्स-मॅथ्सची पदवी किंवा इंजिनिअरिंग लागतं, इतकं लक्षात ठेवा.

आता अकॅडमीचं. विमानतळ म्हणजे एक मोठं ऑफिस आणि तिथं कधीतरी एकदम भरती निघणार, असा आपल्याकडं सरसकट समज आहे. तसं ते नसतं. नवी मुंबई विमानतळ चालवणाऱ्या कंपनीत अदानींचा ७४ आणि सिडकोचा २६ टक्के वाटा, पण आत राबणारी बहुतेक माणसं त्या कंपनीच्या पगारावर नसतातच. विमान कंपन्या वेगळ्या, ग्राउंड हँडलिंगवाले वेगळे, कार्गो, इंधन, दुकानं वेगळी, कस्टम्स सरकारी. प्रत्येकाची भरती आपापली. ग्राउंड हँडलिंगवाले बारावी झालेली मुलं घेतात आणि काम स्वतः शिकवतात. आत पाऊल टाकायला लागणारा एंट्री पासही नोकरी देणाऱ्यानं अर्ज केल्यावर, पोलीस पडताळणी होऊन मिळतो. अकॅडमीचं आयकार्ड तिथं गेटवरही चालत नाही. मग अडीच लाखांत शिकवणार काय? टाय बांधायला? हमी देणाऱ्याला विचारा, नेमणूकपत्र कोणत्या कंपनीचं, पगार किती, आणि हे लेटरहेडवर लिहून मागा.

नागपूरकडंही बघा. तिथल्या विमानतळाभोवतीच्या मिहान प्रकल्पासाठी राज्य सरकारनं २००२ मध्ये कंपनी काढली. बोइंगनं बांधलेलं विमान देखभाल केंद्र सुरू व्हायला २०१५ उजाडलं. मधल्या काळात जमिनींचे भाव वाढले, नोकऱ्या मात्र सावकाश आल्या. आणि केंद्र सुरू झाल्यावर विमानाच्या दुरुस्तीवर सही करायला डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक संचालनालयाचं) लायसन्स लागलं, सातबारा नाही.

माझं लक्ष तुमच्या तक्रारीतल्या त्या वहीवर आहे. ते नंबर बहुधा रीफरचे अलार्म कोड असावेत. माल भरण्याआधी मशीन चालवून तपासतात, त्याला यार्डात पीटीआय म्हणतात. बिघाड असला की पडद्यावर कोड येतो. द्राक्षं शून्य अंशाच्या आसपास जातात, हापूस साधारण १३ वर. मशीन बिघडून तापमान हललं की अख्खा कंटेनर वाया. हे कुणी न सांगता टिपून ठेवणारा मुलगा तुमच्या घरात आहे आणि तुम्ही त्याचे हात बघताय. विमानतळाच्या पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला २ कोटी प्रवाशांची आहे, तशीच ५ लाख टन मालाचीही. शेजारी जेएनपीए बंदर. शीतगृहं, औषधांची गोदामं, टर्मिनलची वातानुकूलन यंत्रणा, सगळीकडं मशीनचा आकार बदलतो. कॉम्प्रेसर, कंडेन्सर तेच.

बारावी सायन्सवर मेकॅनिकल डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. नाहीतर शासकीय आयटीआयचा रेफ्रिजरेशन-एसी ट्रेड आणि पुढं अप्रेंटिसशिप. मी डिप्लोमा सुचवेन, सुट्टीत यार्ड चालूच ठेवावं. पण ठरवू दे त्याला. चार दिवस मामांशी बोला, पोराच्या कामाबद्दल त्यांचं मत काय ते ऐका, आणि पुढचं पत्र त्यालाच लिहू द्या. डिप्लोमाच्या प्रवेशाचं वेळापत्रक तंत्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर येतं, तारीख चुकवू नका. अकॅडमीला टोकन दिलं असेल तर पावती घेऊन याच आठवड्यात परत मागा.